रिक्षाचा निरोप: मायना, मजकूर आणि दोन नंबर



आज आपण एकच छोटं काम घेणार आहोत. बंगळुरात बसवनगुडीच्या गांधी बाजारात उभं राहायचं, फोनवर 'नम्म यात्री' अ‍ॅप उघडायचं आणि मल्लेश्वरमला जायला रिक्षा मागवायची. बटण दाबल्यापासून रिक्षा समोर येईपर्यंत दोन सॉफ्टवेअर एकमेकांना भराभर निरोप पाठवत असतात. ते निरोप आपल्याला कधीच दिसत नाहीत. त्यांची रचना कशी असते आणि तशीच का असते, ते आज बघू.

'नम्म यात्री' निवडण्याचं कारण सांगतो. सॉफ्टवेअरच्या पोटातले निरोप सहसा बाहेरच्या माणसाला बघायला मिळत नाहीत, ते कंपनीच्या भिंतीआड असतात. हे अ‍ॅप बंगळुरात नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ऑटोरिक्षा चालकांची संघटना आणि जसपे ही इथलीच सॉफ्टवेअर कंपनी, असे दोघे त्यामागे होते. 'नम्म' म्हणजे कन्नडमध्ये 'आपला'. प्रत्येक फेरीमागे कमिशन कापायचं नाही, असं त्यांनी सुरुवातीपासून ठरवलं. नंतर चालकांकडून दिवसाला २५ रुपये असं ठरावीक शुल्क सुरू झालं, भाड्याचे पैसे मात्र प्रवासी थेट चालकाला देतो. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे: या अ‍ॅपचा कोड खुला आहे, आणि निरोप कसे लिहायचे याचा नियम तर त्याहून खुला. त्या नियमावलीचं नाव बेकन प्रोटोकॉल. नंदन निलेकणी, प्रमोद वर्मा आणि सुजित नायर यांनी ती उभी केली. तिच्यावर आधारलेली रिक्षा-टॅक्सीची सेवा कोचीत २०२१ मध्येच सुरू झाली होती.

आता एक गंमत बघा. 'नम्म यात्री'मध्ये प्रवाशाची बाजू सांभाळणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि चालकाची बाजू सांभाळणारं वेगळं आहे. दोन्ही एकाच घरात वाढली. एकाच डेटाबेसमध्ये दोघांनी वाचलं-लिहिलं असतं तर काम सोपं झालं असतं. तरीही ती दोघं अनोळखी माणसांसारखी एकमेकांना रीतसर पत्र लिहितात. कारण उद्या प्रवाशाच्या बाजूला दुसरंच कुणी अ‍ॅप आलं, किंवा चालकाच्या बाजूला एखादी सहकारी संस्था आली, तर तिला फक्त पत्र लिहिता-वाचता यायला हवं. घरातल्या दोघांनी खाणाखुणांची भाषा वापरली की पाहुण्याला काही कळत नाही.

तर पत्राकडे वळू. शाळेत पत्रलेखन शिकवायचे ते आठवा. वर उजवीकडे ठिकाण आणि तारीख, मग मायना, 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.', आणि मग मजकूर. मायन्याला आपण हसतो, पण पत्र कुणाचं आणि कुणाला हे तो दोन ओळींत सांगून टाकायचा. बेकनच्या निरोपाचेही असेच दोन भाग असतात. पहिल्याला म्हणतात कॉन्टेक्स्ट आणि दुसऱ्याला मेसेज. इथे नावाचा घोळ आहे, कारण अख्ख्या निरोपालाही लोक मेसेजच म्हणतात. म्हणून मी आपला मायना आणि मजकूर असंच म्हणणार आहे.

मायन्यात काय असतं? विषय कोणत्या क्षेत्रातला, प्रवासाचा की किराणा मालाचा. कोणतं शहर. काय करायचं आहे: शोध, निवड, पक्कं करणं, रद्द करणं. पाठवणारा कोण आणि उत्तर कोणत्या पत्त्यावर धाडायचं. घेणारा कोण. निरोप कधी लिहिला, किती वेळ ग्राह्य धरायचा. नियमावलीची कोणती आवृत्ती. आणि दोन नंबर, ज्यांच्याकडे मी लगेच येतो.

मजकुरात असतं ते प्रत्यक्ष काम: इथून तिथे जायचं आहे, इतकं भाडं होईल, अमुक नंबरची रिक्षा येते आहे. किराण्याचा निरोप असेल तर मजकुरात तूरडाळ असेल, पण मायन्याची ठेवण तीच राहते. मधल्या यंत्रणेला निरोप कुठे पोचवायचा हे ठरवण्यासाठी मजकुरात डोकवावं लागत नाही. पोस्टमन पत्ता बघतो, आत मामांनी काय लिहिलंय ते वाचत बसत नाही. (काही गावांतले पोस्टमन पोस्टकार्डं वाचायचे, पण तो वेगळा विषय.)

आता ते दोन नंबर. आजच्या भागातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि नवीन इंजिनिअर मंडळींचा गोंधळ होतो तोही इथेच.

एक आहे ट्रान्झॅक्शन आयडी, दुसरा मेसेज आयडी. तुम्ही रिक्षा शोधायला सुरुवात केलीत की त्या अख्ख्या व्यवहाराला एक नंबर मिळतो. शोध, निवड, पक्कं करणं, रिक्षा आली, फेरी संपली, इथपर्यंतच्या सगळ्या निरोपांवर तोच ट्रान्झॅक्शन आयडी असतो. कोर्टाच्या फायलीवरचा खटला क्रमांक समजा. मेसेज आयडी मात्र एका प्रश्नापुरता आणि त्याच्या उत्तरापुरता. शोधाच्या निरोपाला एक मेसेज आयडी, त्याच्या उत्तरावरही तोच. निवडीच्या निरोपाला नवा. फायलीतला हा जावक क्रमांक.

दोन कशाला, एकाने भागलं नसतं का? समजा तुम्ही शोध घेतलात, भाडं बघितलंत, ते जास्त वाटलं म्हणून लगेच पुन्हा शोधलंत. व्यवहार तोच धरला, तर पहिल्या शोधाची उत्तरं अजून वाटेत आहेत आणि दुसऱ्याचीही येऊ लागली आहेत. आलेलं उत्तर कोणत्या प्रश्नाचं, हे फक्त मेसेज आयडी सांगतो. उलट नुसता मेसेज आयडी ठेवला, तर संध्याकाळी तक्रार आल्यावर त्या फेरीचे सगळे निरोप एका दोरीत ओवायचे कसे? ते काम ट्रान्झॅक्शन आयडीचं.

हे नंबर देतं कोण? कुणीच मध्यवर्ती कचेरी नाही. पाठवणारं सॉफ्टवेअर स्वतःच फासे टाकल्यासारखा एक लांबलचक नंबर काढतं. त्याला यूयूआयडी म्हणतात. बत्तीस चिन्हांचा, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात १२२ बिट यदृच्छेने ठरतात. एकूण शक्यता होतात पाचावर छत्तीस शून्यं इतक्या. दोन फोनांनी एकाच वेळी एकच नंबर काढावा ही भीती बाळगायचं कारण उरत नाही, आणि नंबर मागायला कुठल्या खिडकीसमोर रांगही लावावी लागत नाही.

पुढचा मुद्दा पोच आणि उत्तर यांतल्या फरकाचा. रजिस्टर पत्र पाठवल्यावर सहीची पोच परत यायची. त्या पोचेवरून एवढंच कळायचं की पत्र पोचलं. स्थळाला होकार आला की नकार, हे कळायला वेगळं पत्र यावं लागायचं. बेकनमध्ये अगदी तसंच आहे. प्रवाशाच्या बाजूने 'सर्च' हा निरोप गेला की समोरून तत्काळ एक शब्द येतो: 'अ‍ॅक', म्हणजे मिळालं. किंवा 'नॅक', म्हणजे निरोपात खोट आहे, घेत नाही. खरं उत्तर थोड्या वेळाने स्वतंत्र निरोप म्हणून येतं आणि त्याचं नाव असतं 'ऑन-सर्च'. अशाच पुढच्या जोड्या: 'सिलेक्ट' आणि 'ऑन-सिलेक्ट', 'कन्फर्म' आणि 'ऑन-कन्फर्म', 'कॅन्सल' आणि 'ऑन-कॅन्सल'. काही वेळा न विचारताच उत्तर येतं. रिक्षा दाराशी आली हे कळवायला प्रवाशाने प्रश्न विचारायची वाट कोण बघणार? तेव्हा 'ऑन-स्टेटस' आपणहून येतो आणि त्याचा मेसेज आयडी नवा असतो.

हा पसारा मांडण्याचं कारण म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ. जवळपासच्या चालकांच्या फोनवर विचारणा जायची, कुणीतरी रस्त्याच्या कडेला थांबून ती बघायची आणि हो म्हणायचं. तेवढा वेळ लाइन धरून बसलं तर गर्दीच्या तासाला सगळ्या लाइनी अडकतील. म्हणून पोच घेऊन फोन ठेवायचा आणि उत्तर आलं की पुन्हा बोलायचं.

पण पोचच आली नाही तर? इथे खरी कसोटी लागते. तुम्ही 'पक्कं करा' दाबलंत आणि नेटवर्क गेलं. शक्यता दोन. निरोप वाटेत हरवला, किंवा निरोप पोचला पण पोच हरवली. तुमच्या बाजूने बघितलं तर दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात, जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये हे नाव रूढ केलं. बेभरवशाच्या वाटेवरून कितीही पत्रं पाठवली तरी दोघांचीही शंभर टक्के खात्री होऊ शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. त्यावर पूर्ण इलाज नाही.

मग व्यवहारात काय करतात? निरोप पुन्हा पाठवतात. आता तोच 'पक्कं करा' दोनदा पोचला आणि समोरच्याने दोन्ही नवे धरले, तर दोन रिक्षा निघतील. तुम्हाला एकच हवी. दुसरा चालक बंगळुराच्या गर्दीत दोन किलोमीटर गॅस जाळून येणार आणि 'एल्लिगे होगबेकु?' म्हणजे कुठे जायचंय, असं विचारणार, तोवर तुम्ही पहिल्या रिक्षेतून पसार. त्याची अर्ध्या तासाची कमाई गेली. यावर तोडगा असा, की निरोप पुन्हा पाठवताना नवा मेसेज आयडी काढायचा नाही, जुनाच ठेवायचा. घेणाऱ्याने हाताळलेले आयडी काही काळ लक्षात ठेवायचे. तोच आयडी पुन्हा दिसला तर काम परत करायचं नाही, फक्त पोच परत द्यायची. मराठीत सांगायचं तर, दूधवाल्याने खडूने दारावर रेघ मारली आहे, दुसऱ्यांदा घंटा वाजली म्हणून दुसऱ्यांदा पैसे द्यायचे नाहीत.

निरोप पुन्हा पाठवताना नवा नंबर काढणं ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण कचेरीतलं वायफाय चांगलं असतं. ती सापडते पावसाळ्यात, भुयारी मेट्रोच्या जिन्यात.

पैशाच्या निरोपात हीच गोष्ट आणखी जिव्हाळ्याची होते. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला जाहीर झालं, त्याच्या निरोपांतही असंच आहे: वरच्या भागात निरोपाचा स्वतंत्र आयडी, आणि व्यवहाराचा आयडी वेगळा. पैसे 'प्रलंबित' दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा एखादा निरोप किंवा त्याची पोच वाटेत अडकलेली असते. अशा वेळी बँका त्या व्यवहाराच्या आयडीवरूनच विचारणा करतात, की याचं पुढे काय झालं. आपण मात्र घाईने पुन्हा 'पे' दाबतो. तो माणसाने सुरू केलेला अगदी नवा व्यवहार असतो, नव्या आयडीचा, आणि मग पैसे दोनदा जातात. निरोपाची रचना सॉफ्टवेअरने केलेली पुनरुक्ती ओळखते. आपण केलेली तिला ओळखता येत नाही.

वेळेबद्दल थोडं. मायन्यात निरोप लिहिल्याची वेळ असते आणि ती जागतिक वेळेत लिहितात. बसवनगुडीत सकाळचे साडेआठ वाजले असतील तर निरोपात तीन वाजलेले दिसतील. बिघाड शोधायला बसलेल्या माणसाने साडेपाच तासांची ही वजाबाकी विसरली की तो भलत्याच वेळेच्या नोंदी चाळत बसतो. वेळेसोबत मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. 'पीटी३०एस' असं लिहिलं की तीस सेकंद. त्यानंतर पोचलेला निरोप शिळा. पाच मिनिटांपूर्वीच्या शोधाला आता भाडं सांगण्यात काही हशील नाही, गिऱ्हाईक बसने गेलेलं असतं.

मल्लेश्वरमला निघालोच आहोत म्हणून सांगतो, तिथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी १६६९ चा एक शिलालेख जोडलेला आहे. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी देवळाला गाव इनाम दिल्याचा. देणारा कोण, घेणारा कोण, काय दिलं, कधी दिलं, सगळं त्यात आहे. आपल्या जुन्या दानपत्रांत मुदतीच्या जागी 'आचंद्रार्क' लिहायची पद्धत होती, चंद्र-सूर्य असेपर्यंत. रिक्षाच्या निरोपाला तीस सेकंद पुरतात.

आता मजकूर उघडू. पहिली गोष्ट जागा. बंगळुरू साधारण १२.९७ अक्षांश आणि ७७.५९ रेखांशावर आहे. बेकनमध्ये आधी अक्षांश, मग स्वल्पविराम, मग रेखांश असं लिहितात. नकाशांच्या दुनियेत जिओजेसन नावाचा दुसरा प्रचलित साचा आहे, त्यात आधी रेखांश येतो. दोन्ही साचे हाताळणाऱ्या इंजिनिअरने क्रम उलटा केला, तर प्रवासी बसवनगुडीऐवजी उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्ड बेटांच्या आसपास उभा असल्याचं दिसेल. आकडे दोन्ही बरोबर, जागा मात्र हजारो किलोमीटर दूर.

जागेला आकड्यांत बांधायची ही धडपड आपल्याकडे जुनी आहे. एकाच नावाची अनेक गावं, आणि पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले. म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने सहा आकड्यांचा पिनकोड आखला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाला. पहिला आकडा विभाग सांगतो, म्हणून कर्नाटकाचे पिनकोड ५ ने सुरू होतात आणि महाराष्ट्राचे ४ ने. मल्लेश्वरमचा ५६०००३. पत्ता कन्नडमध्ये लिहा की मराठीत, सॉर्टिंग करणाऱ्याला सहा आकडे पुरतात. निरोपाच्या मायन्यातले ठरावीक रकाने हेच काम करतात.

दुसरी गोष्ट पैसे. बंगळुरात १ ऑगस्ट २०२५ पासून रिक्षाचं सरकारी भाडं पहिल्या दोन किलोमीटरना ३६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १८ रुपये झालं. आपलं अंतर आठ किलोमीटर धरलं तर ३६ अधिक १०८, एकूण १४४. निरोपात हे भाडं आकडा म्हणून जात नाही, अक्षरं म्हणून जातं: अवतरणचिन्हांत '१४४.००', आणि शेजारी चलन, रुपये. संगणक दशांश अपूर्णांक आतून दोनच्या पटींत साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगितली तर सतराव्या घरात एक आगंतुक ४ येतो. एका फेरीत याने काही बिघडत नाही. महिनाअखेरीला हजारो फेऱ्यांचा हिशेब जुळवणाऱ्याला मात्र पैशापैशाचा फरक छळतो.

आता एक प्रश्न तांत्रिक कमी आणि सत्तेचा जास्त आहे: कोणता रकाना कुणाला दाखवायचा? अ‍ॅपवर गाडी बोलावली की चालकाचा फोन यायचा, 'कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?' आणि उत्तर आवडलं नाही की फेरी रद्द. हा अनुभव पुण्यात, मुंबईत, बंगळुरात सगळ्यांनी घेतलाय. आपण चालकावर चिडायचो. पण उतरायचं ठिकाण हो म्हणण्याआधी त्याच्या पडद्यावर दिसतच नसेल, तर तो विचारणारच. ठिकाण आणि भाडं ही माहिती यंत्रणेकडे होती, ती चालकापर्यंत जाऊ द्यायची नाही असं कुणीतरी ठरवलं होतं. 'नम्म यात्री'त चालकाला विचारणा येतानाच कुठून, कुठे आणि किती भाडं हे दिसतं. माझ्या मते कमिशनच्या प्रश्नाइतकाच हा रकाना मोलाचा आहे. उलट बाजूही लक्षात घ्या. शोधाच्या निरोपात प्रवाशाचं नाव, फोन नंबर लागतच नाही. भाडं सांगायला ते कशाला हवं? ओळख लागते ती व्यवहार पक्का होताना. न पाठवलेली माहिती कुठून फुटतही नाही.

राहिली सही. ती मायन्यात नसते आणि मजकुरातही नसते, ती लिफाफ्यावर असते. निरोपातल्या प्रत्येक अक्षरावरून गणिताने एक ठसा काढतात, आणि त्या ठशावर पाठवणारा आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. त्याची जाहीर किल्ली एका सामायिक नोंदवहीत असते, ती घेऊन घेणारा सही पडताळतो. वाटेत कुणी १४४ चे २४४ केले तर ठसा बदलतो आणि सही जुळत नाही. मराठेशाहीत पत्राच्या अखेरीला मर्यादेची मुद्रा उमटवत, 'मर्यादेयं विराजते' अशा अक्षरांची, म्हणजे तिच्याखाली कुणाला चार ओळी घुसडता येऊ नयेत. इथला ठसा तर पत्राच्या मधलीही अक्षरं राखतो.

शेवटचा रकाना आवृत्तीचा. नियमावली बदलत राहते, आणि सगळी सॉफ्टवेअर एका रात्रीत बदलत नाहीत. बेकनच्या सुरुवातीच्या रूपात शहर थेट मायन्यात लिहायचे, एसटीडी कोडने: बंगळुरूला ०८०, म्हणजे पुण्याला ०२० आणि बेळगावला ०८३१. पुढच्या रूपात मायन्यात 'लोकेशन' नावाचा कप्पा आला, त्यात 'सिटी' आणि त्यात 'कोड' अशी घडी झाली. आशय तोच, जागा बदलली. जुनं सॉफ्टवेअर नेहमीच्या जागी बघतं, तिथे काही नाही. शहर लिहिलेलंच नाही असं समजून ते 'नॅक' पाठवतं, आणि गांधी बाजारातल्या माणसाला पडद्यावर दिसतं, 'रिक्षा उपलब्ध नाही'. रिक्षा दहा पावलांवर उभी असते.

म्हणून आवृत्तीचा आकडा मायन्यात आधी वाचायचा आणि मग बाकीचं कुठे शोधायचं ते ठरवायचं. नवा रकाना जोडणं चालतं, कारण अनोळखी रकान्याकडे घेणारा दुर्लक्ष करू शकतो. जुना रकाना हलवायचा असेल तर काही काळ दोन्ही आवृत्त्यांचे निरोप घेत राहावं लागतं. पहाटे उठून तो जुना दरवाजा बंद करायचा मुहूर्त कुठला, यावर बंगळुराच्या कचेऱ्यांत जितक्या बैठका होतात तितक्या नव्या सोयींवर होत नसतील.

पुढच्या भागात पाऊस पडल्यावर एकाच वेळी हजारो लोक रिक्षा मागतात, तेव्हा या निरोपांची रांग कशी लावतात, ते बघू.